मधल्या सुट्टीत आई शेजारी नसावी: तीव्र शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलाला माणसे कशी मिळतात

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा न राहणे) आहे. दोन्ही हात आणि दोन्ही पाय ताठर आहेत, तो चाकाच्या खुर्चीवर असतो, बोलणे अस्पष्ट आहे. बुद्धी मात्र चांगली असून तो गावातल्याच शाळेत आठवीत शिकतो. चौथीपर्यंत घर मुलांनी भरलेले असे, आता कोणीही येत नाही. लिहून घेण्यासाठी आणि शौचालयाच्या अडचणीमुळे आई दिवसभर वर्गात त्याच्या शेजारी बसते. गेल्या वर्षभरात त्याने लग्नकार्याला येणेही बंद केले आहे. "त्याला मित्र कसे मिळतील, आणि आमच्यानंतर त्याचे कोण?" असे त्यांनी विचारले आहे.

ताई, मी सव्वीस वर्षे व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) म्हणून अशाच मुलांसोबत काम करते आहे. तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक आई-वडिलांनी कधी ना कधी विचारला आहे, बहुतेकांनी दाराशी चपला घालताना, मूल ऐकणार नाही अशा बेताने. त्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नातच आहे असे माझे मत आहे, म्हणून आधी मित्रांविषयी लिहिते.

आपल्या मुलाला मुलांनी टाकले, असा तुमचा समज झालेला दिसतो. मला तसे वाटत नाही. नऊ-दहा वर्षांपर्यंतची मुले एकाच अंगणात, मोठ्यांच्या नजरेसमोर, बसून किंवा लोळून खेळतात. तुमच्या मुलाची खुर्ची त्या खेळात सामावली जात होती. अकराव्या-बाराव्या वर्षी मुलांच्या हाती सायकल येते, शिकवणी सुरू होते, ती ओढ्यावर किंवा मैदानावर जाऊ लागतात, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या गप्पा मोठ्यांच्या कानांपासून दूर सरकतात. तेरा वर्षांच्या मुलांची मैत्री मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून, कुजबुजत, एखाद्या शिक्षकाची नक्कल करत वाढते. तुमचा मुलगा त्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी त्याच्या शेजारी तुम्ही असता. कोणता मुलगा मित्राच्या आईसमोर मनातले बोलेल? हा तुमच्यावर ठपका नाही. शाळेने जी व्यवस्था करायला हवी होती ती केली नाही, म्हणून तुम्ही ती स्वतःच्या शरीराने भरून काढलीत, आणि तुम्ही तसे केले नसते तर तो आठवीपर्यंत पोहोचलाच नसता. परंतु आता तीच व्यवस्था त्याच्या वाटेत उभी आहे, आणि ती एकदम न काढता एकेक काम दुसऱ्यांकडे सोपवत मोकळी करायची आहे.

त्यासाठी तुम्ही शाळेत नेमकी कोणती कामे करता ती वेगळी करून पाहा. बहुतेक घरांत ही कामे चार-पाचच निघतात: लिहून घेणे, खुर्ची ढकलणे, डबा भरवणे, लघवीला नेणे आणि त्याचे बोलणे इतरांना समजावून सांगणे. "त्याला सांभाळा" असे कोणाला सांगितले की माणूस घाबरतो आणि मागे सरतो. "मधल्या सुट्टीत त्याची खुर्ची पिंपळाच्या पारापर्यंत ने आणि घंटा झाली की वर्गात आण" असे सांगितले की कोणताही मुलगा ते करतो.

या कामांपैकी सर्वांत अवघड काम आधी सोडवावे, कारण बाकीची सारी त्याच्यावर अडून असतात. ते काम म्हणजे लघवी. तो शाळेत पाणी पीत नाही, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. माझ्याकडे आलेल्या जवळपास प्रत्येक मुलाची हीच सवय होती. सकाळी घोटभर चहा आणि मग संध्याकाळपर्यंत काही नाही. त्यातून डोके दुखते, बद्धकोष्ठता होते, लघवीचा संसर्ग होतो आणि दुपारनंतर वर्गात लक्ष लागत नाही. मुलग्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे प्लॅस्टिकचे मूत्रपात्र पुरते, त्यासाठी खुर्चीवरून उचलावे लागत नाही. फक्त आडोशाची खोली आणि ठरलेली वेळ लागते. मुख्याध्यापकांशी बोलून एक पुरुष शिक्षक किंवा शिपाई, आणि तो नसेल तेव्हा दुसरा एक, अशी दोन माणसे ठरवा. कोण, कुठे, किती वाजता हे तुम्हाला, मुख्याध्यापकांना आणि मुलाला, अशा तिघांनाही माहीत असले पाहिजे. मदत करणाऱ्याने प्रत्येक वेळी "आता पँट खाली करतो" असे आधी सांगून, त्याच्या होकाराची वाट पाहूनच हात लावायचा, आणि काही वावगे वाटले तर ते कोणाला व कसे सांगायचे हे मुलाला पक्के माहीत असायचे. ज्या मुलांना लहानपणापासून अनेक हातांनी हाताळले आहे, त्यांना आपल्या शरीरावर आपला हक्क आहे हे वेगळे शिकवावे लागते. हे शिक्षण मी वाचनापेक्षाही महत्त्वाचे मानते.

शाळेत उतार बांधलेला असेलही, परंतु शौचालयाचे दार साधारण नव्वद सेंटीमीटर मोकळे आणि बाहेरच्या बाजूला उघडणारे नसेल तर खुर्ची आत जात नाही, आणि गेली तर दार लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि आवश्यक सोयी करणे ही शाळेची जबाबदारी आहे. शिवाय महाराष्ट्रातील ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. हा निधी दरवर्षी कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. एका दाराची दुरुस्ती ही मोठी मागणी नाही. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी विनंतीला वर्षानुवर्षे "बघू" हेच उत्तर मिळते.

लिहिण्याचे काम सोडवणे त्यामानाने सोपे आहे. दहावीच्या परीक्षेत मंडळाकडून त्याला लेखनिक मिळू शकतो आणि प्रत्येक तासामागे वीस मिनिटे जास्त मिळतात. परंतु दुसऱ्याला सांगून लिहवून घेणे हे कसब आहे, ते दहावीच्या फेब्रुवारीत एकाएकी येत नाही. भूमितीची आकृती शब्दांत सांगणे, "येथे स्वल्पविराम, नवा परिच्छेद" असे म्हणणे, लेखनिकाने चुकीचे लिहिले तर त्याला थांबवणे, याचा सराव आठवीपासूनच हवा आणि तो आईबरोबर होत नाही, कारण तुम्ही त्याचे अर्धे वाक्य ऐकूनच पुरे करता. सातवीतली एखादी मुलगी किंवा मुलगा आठवड्यातून दोन दिवस चाचणीपुरता लेखनिक म्हणून बसवा. वर्गातल्या रोजच्या टिपणांसाठी शेजारच्या मुलाच्या वहीचा मोबाइलवर फोटो काढला की काम भागते.

खुर्ची ढकलायला मुलांना शिकवा, उचलायला कधीही देऊ नका. उतारावरून खुर्ची मागच्या बाजूने, पाठीकडून खाली आणायची, थांबले की दोन्ही ब्रेक लावायचे, पाय पायपट्टीवर आहेत का ते पाहायचे, आणि ढकलण्याआधी त्याला विचारायचे. हे शाळेच्या मैदानावर अर्ध्या तासात शिकवता येते. शिकवणारा तुमचा मुलगाच असावा. तुम्ही मागे उभ्या राहा. मी एका शाळेत हे करून घेतले तेव्हा माझ्यासोबतचा मुलगा, जो वर्गात कधी हात वर करत नसे, तो "ब्रेक! आधी ब्रेक!" असे इतक्या जोरात ओरडला की सगळी मुले दचकली आणि मग हसली. त्यानंतर त्याच्या खुर्चीचे ब्रेक लावणे हा त्या मुलांमध्ये मानाचा विषय झाला.

आता बोलण्याविषयी. अस्पष्ट बोलणाऱ्या मुलाच्या एकटेपणाचे सर्वांत मोठे कारण चालता न येणे हे नसून समोरच्याने समजल्याचा आव आणणे हे असते. मूल काही सांगते, समोरचा "हो, हो" म्हणतो आणि निघून जातो. असे शंभर वेळा झाले की मूल सांगणेच थांबवते. वर्गातल्या मुलांना एवढेच शिकवायचे आहे की कळले नाही तर "कळले नाही, परत सांग" असे म्हणायला लाजू नये, आणि विचारल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहावे. ताठर स्नायूंना शब्द तयार करायला तेवढा वेळ लागतो. घाई केली की ताठरपणा वाढतो आणि शब्द आणखी अडकतो.

जो शब्द तरीही कळत नाही त्यासाठी अक्षरफलक ठेवा. पुठ्ठ्यावर पहिल्या ओळीत स्वर, मग क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग अशा वर्णमालेच्याच ओळी आणि शेवटच्या ओळीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार अशी मांडणी मी वापरते. आपली वर्णमाला मुळातच ओळींत रचलेली असल्यामुळे तिचा येथे फार उपयोग होतो. समोरचा मुलगा "पहिली ओळ? दुसरी? तिसरी?" असे विचारत जातो, तुमचा मुलगा डोळे वर करून होकार देतो, मग त्या ओळीतील अक्षरे एकेक दाखवली जातात. बहुतेक वेळा दोन-तीन अक्षरांतच शब्द ओळखू येतो. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले 'जेलो' नावाचे चित्रांवर आधारलेले अॅपही मराठीत आहे, परंतु वाचता-लिहिता येणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला चित्रांपेक्षा अक्षरे अधिक मोकळीक देतात. मोबाइलवर मराठी कळफलक पुढचा शब्द सुचवतो, त्यामुळे एका बोटाने टाइप करणाऱ्याचाही वेळ वाचतो. त्याचा स्वतःचा मोबाइल, वर्गाच्या गटात त्याचे स्वतःचे नाव आणि त्याने लिहिलेले तुम्ही न वाचणे, या तीन गोष्टी त्याच्या वयाला आवश्यक आहेत. तिसरी तुम्हाला सर्वांत जड जाईल हे मला ठाऊक आहे.

मालिनी चिब यांचे उदाहरण मी अनेक पालकांना सांगते. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे, बोलणे अस्पष्ट आहे, आणि त्यांनी एका बोटाने टाइप करत मुंबईत पदवी आणि लंडनमधून पदव्युत्तर शिक्षण पुरे केले. त्यांच्या आई डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, कारण आपल्या मुलीसारख्या मुलांसाठी तेव्हा योग्य शाळा मिळत नव्हती. ही गोष्ट सांगण्यामागे माझा हेतू 'बघा, जिद्द असेल तर काहीही होते' असे सुचवण्याचा नसतो. जिद्दीचा भार मुलांवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. त्या बोटापुढे यंत्र ठेवणारे, ते बोट अक्षरापर्यंत पोहोचेपर्यंत थांबणारे लोक आणि तसे वातावरण होते, हे त्या गोष्टीतले मला महत्त्वाचे वाटते.

आपल्या मुलाने स्वतःसारखा मोठा माणूस पाहिला आहे का, हा प्रश्न मी प्रत्येक कुटुंबाला विचारते. बहुतेकांचे उत्तर 'नाही' असे असते. तुमच्या मुलाच्या ओळखीतली सगळी मोठी माणसे चालणारी आहेत. मोठा झाल्यावर मी कसा दिसेन, कुठे काम करेन, माझे घर कसे असेल, याचे कोणतेही चित्र त्याच्यासमोर नाही. आहे ते फक्त तुमच्या चेहऱ्यावरच्या काळजीचे. तुमच्यापासून कोल्हापूर दूर नाही. तेथे नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यांना स्वतःला सोळाव्या वर्षी कमरेखाली अपंगत्व आले, आणि बाबूकाका दिवाण या स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या गृहस्थांच्या भेटीने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. त्या संस्थेचे वसतिगृह आणि शाळा एकदा मुलाला घेऊन पाहून या. तेथे त्याला ठेवावे असे मी सुचवत नाही. खुर्चीवरचा कोणी हिशेब लिहीत आहे, कोणी दुसऱ्याला रागावत आहे, कोणी कंटाळून जांभई देत आहे, हे त्याने पाहावे. परतताना "कसे वाटले?" म्हणून खोदून विचारू नका. तो दोन-तीन दिवसांनी आपणहून काहीतरी बोलेल.

खेळाविषयी एक स्पष्ट मत मांडते. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये अशा मुलाला धावफलक लिहायला बसवतात. त्याला ते आवडत असेल तर अवश्य करू द्यावे, कारण धावा मोजणाऱ्याशी प्रत्येकाला बोलावेच लागते. परंतु कायमचा धावफलकवाला होणे म्हणजे खेळणे नव्हे. बोचा नावाचा खेळ मूळ सेरेब्रल पाल्सी असलेल्या खेळाडूंसाठीच रुजला आणि १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. सहा लाल, सहा निळे आणि एक पांढरा असे चामडी चेंडू असतात. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू न्यायचा. ज्याला चेंडू फेकता येत नाही तो उतरत्या पन्हाळीवरून चेंडू सोडतो. पन्हाळ किती वळवायची ते खेळाडू सांगतो, आणि सोबत्याने खेळाच्या मैदानाकडे पाठ करूनच बसायचे असते, त्याला स्वतःची अक्कल चालवता येत नाही. हा नियम मला फार आवडतो, कारण मदत करणारा आणि ठरवणारा यांच्यातला फरक तो उघड दाखवतो. सुरुवातीला पीव्हीसीचा अर्धा कापलेला पाइप आणि वाळू भरलेल्या कापडी चेंडूंवर शाळेच्या व्हरांड्यात हा खेळ जमतो, आणि चालणाऱ्या मुलांनाही त्यात जिंकणे सोपे जात नाही.

लग्नाला तो का येत नाही, याचे कारण त्याला विचारले आहे का? तुमच्या पत्रात त्याचे म्हणणे कुठेही नाही. माझा अंदाज असा आहे की सर्वांसमोर भरवून घेणे त्याला नको असते. तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडातून वरण ओघळते, आई पदराने पुसते आणि समोरच्या पंगतीतल्या बायका हळहळतात; हा प्रसंग कोणाला हवा असेल? घरी जेवून जा, कार्यालयात त्याने फक्त नळीने सरबत घ्यावे. कोणी त्याच्या डोक्यावरून तुम्हाला "आता कसा आहे हो?" असे विचारले की "त्यालाच विचारा, तो सांगेल, फक्त जरा थांबावे लागेल" असे उत्तर द्या. पहिल्या वेळी अवघड वाटते. डॉक्टरांकडेही हेच करा.

गणपती मंडळ हे आपल्याकडे मुलांना मोठे करणारे ठिकाण आहे, आणि तेथे त्याला खुर्चीसकट मांडवाच्या कडेला बसवून प्रसाद देणे याला मी सहभाग म्हणत नाही. वर्गणीचा हिशेब मोबाइलवर ठेवणे, कोणाकडून यायची राहिली त्यांना गटावर आठवण देणे, आरतीच्या पाळ्या लावणे, अशी कामे तो करू शकतो. काम असे असावे की त्याने केले नाही तर खोळंबा व्हावा, आणि चूक झाली तर कार्यकर्त्यांनी त्यालाही इतरांसारखे बोलावे. हिशेब चुकला म्हणून बोलणी खाऊन आलेला मुलगा मी पाहिला आहे. रात्रभर तो धुसफुसत होता, आई मला फोन करून रडली, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मांडवात हजर होता.

एक गोष्ट मी कारकीर्दीच्या सुरुवातीला चुकीची करत असे, ती सांगणे माझे कर्तव्य आहे. संध्याकाळी पाच ते सात घरी व्यायाम, अशी लांबलचक यादी मी पालकांना देत असे, आणि गावातली मुले नेमकी त्याच वेळी खेळायला बाहेर पडतात. कित्येक मुलांची दोन-दोन वर्षांची संध्याकाळ मी अशी घेतली. उंची भराभर वाढण्याच्या या वयात स्नायू आखडतात, नितंबाचा सांधा सरकू शकतो, पाठीला बाक येऊ शकतो, म्हणून ताण देण्याचे व्यायाम आणि नियमित तपासणी सोडता येणार नाही. मात्र व्यायाम सकाळी अंघोळीआधी वीस मिनिटे करा; संध्याकाळ त्याची राहू द्या. उजव्या हाताची पकड पुरेशी असेल तर जॉयस्टिकवर चालणाऱ्या विजेच्या खुर्चीचाही विचार करा. हालचालींच्या क्षमतेवरून सेरेब्रल पाल्सीच्या पाच पातळ्या मानतात; त्यांपैकी चौथ्या पातळीवरची मुले, आणि वर्णनावरून तो तेथे असावा, अशी खुर्ची सरावाने चालवू शकतात. कोणी न ढकलता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाणे आणि कोणालाही न सांगता परत येणे ही त्याच्या वयाच्या इतर मुलांना रोज मिळणारी गोष्ट आहे.

"आमच्यानंतर कोण" याविषयी. या प्रश्नाचे उत्तर म्हणून बहुतेक घरांत धाकट्या बहिणीकडे किंवा भावाकडे पाहिले जाते, आणि त्या मुलांना ते न सांगताही कळते. कृपया तसे करू नका. आज त्याची शारीरिक मदत करू शकणारी माणसे किती, ते मोजा. तुम्ही आणि त्याचे वडील, बहुधा दोनच. येत्या दोन वर्षांत ती सहा व्हावीत असे ठरवा: एक मावशी किंवा आत्या, एक शेजारी, शाळेतली दोन माणसे. त्यांना काम शिकवताना सूचना मुलानेच द्यायच्या: हात कुठे धरायचा, घास केवढा, पाठीमागे उशी कशी. पंचविसाव्या वर्षी पगारी मदतनीस ठेवला तरी त्याला काम सांगणारा हाच असणार आहे, आणि ती सवय तेराव्या वर्षी लागते. वर्षातून चार दिवस तुम्ही माहेरी जा आणि घर त्याच्या वडिलांवर व या माणसांवर सोडा. तुमची पाठ आताच दुखते असे तुम्ही लिहिले आहे. पस्तीस-चाळीस किलोचे मूल दिवसातून आठ वेळा एकटीने उचलणे कोणत्याही पाठीला सोसत नाही.

कागदपत्रांत युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांसाठीचे सरकारी ओळखपत्र, नसेल तर ते आधी काढा. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मध्ये सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे, आणि त्याखालील 'निरामय' आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात थेरपीचा खर्चही धरला जातो. तो अठरा वर्षांचा झाला की कोणीतरी तुम्हाला कायदेशीर पालकत्व घ्या असे सांगेल. स्वतःचे निर्णय घेऊ शकणाऱ्या मुलाला सही करता येत नाही एवढ्याच कारणावरून पालकत्वाखाली आणू नये. बँकेत अंगठ्याचा ठसा चालतो. २०१६ चा कायदा तीव्र अपंगत्व असलेल्या प्रौढालाही इतरांइतकाच कायद्यापुढे व्यक्ती मानतो, आणि जेथे आधार लागतो तेथे त्याच्याशी विचारविनिमय करून, मर्यादित काळापुरता व कामापुरता आधार देण्याची तरतूद करतो.

या सोमवारपासून एकच बदल करा. मधल्या सुट्टीची घंटा झाली की वर्गाबाहेर जाऊन शिक्षकांच्या खोलीत बसा, आणि सुट्टी संपेपर्यंत परत येऊ नका. कोणाबरोबर थांबायचे ते नाव त्याने आदल्या रात्री निवडलेले असू द्या, आणि त्या मुलाला तुमच्याऐवजी त्यानेच विचारावे, बोलून किंवा मोबाइलवर दोन ओळी लिहून. पहिल्या दिवशी कदाचित दोघे काहीच बोलणार नाहीत. डबा तसाच परत येईल. तो घरी आल्यावर खाऊ द्या.